वीस विद्यार्थी, दहा स्टेशनं: विभागात ओएससीई घ्यायची तर आधी परीक्षक तयार करा

पोस्टिंगच्या, म्हणजे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या पाळीच्या, शेवटच्या दिवशी परीक्षेला काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकाच्या वाट्याला न्यूमोनियाचं बाळ येतं, दुसऱ्याच्या वाट्याला नेफ्रोटिकचं, म्हणजे मूत्रपिंडाच्या विकाराचं. एकाला चार प्रश्न, दुसऱ्याला चौदा. एकाच्या नशिबी सकाळी ताजेतवाने असलेले सर, दुसऱ्याच्या नशिबी रात्रभर ड्युटी करून आलेल्या मॅडम. मार्क मात्र एकाच रजिस्टरात, एकाच रकान्यात. ही गफलत टाळायला रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीहून ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) मांडली. विद्यार्थी एकेका टेबलावर, म्हणजे 'स्टेशन'वर, ठरलेलं काम करत पुढे सरकतो: सगळ्यांना तीच कामं, तेवढाच वेळ, तीच गुणपत्रिका.

कल्पना साधी आहे, तरी अनेक विभागांत ती एकदा होते आणि पुन्हा होत नाही. स्टेशनं मांडलेली असतात, घंटा आणलेली असते, चहा सांगितलेला असतो. परीक्षक मात्र त्याच दिवशी सकाळी, जो मोकळा दिसेल त्याला हात धरून बसवलेला असतो. तो आपल्या समजुतीप्रमाणे मार्क देतो, मध्येच शिकवतो, विद्यार्थी अडला की सुचवतो. मग जुन्या तोंडी परीक्षेत आणि या परीक्षेत फरक उरतो तो फक्त घंटेचा.

म्हणून या लेखाचा सगळ्यात मोठा भाग परीक्षकांच्या तयारीचा आहे. उदाहरण बालरोग विभागाचं घेतलंय, २० विद्यार्थ्यांची एक बॅच, पोस्टिंगच्या शेवटी घ्यायची सरावपरीक्षा. नाशिकच्या कुठल्याही शिकवणाऱ्या रुग्णालयात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडून आलेल्या आया आणि त्यांची लेकरं दिसतात, त्यामुळे स्टेशनंही तिथलीच घेतली आहेत. मेडिसिनवाल्यांनी हाच साचा घेऊन निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्याला साजेसं कीटकनाशकाच्या विषबाधेचं स्टेशन करावं; बाकी पायऱ्या त्याच.

काय तपासायचं?

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. त्यात प्रत्येक क्षमतेपुढे एक पातळी छापलेली आहे: के, केएच, एसएच किंवा पी. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडचाच हा वापर: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि मग प्रत्यक्ष स्वतः करतो. ओएससीईचं काम एसएच आणि पी या पातळ्यांचं. 'अतिसाराची कारणं लिहा' हे केचं काम आहे, त्याला पाच मिनिटांचं स्टेशन आणि एक सहयोगी प्राध्यापक खर्ची घालू नये.

पोस्टिंगमध्ये खरोखर शिकवलेल्या क्षमतांची यादी काढा. एका कागदावर उभ्या रकान्यात विषय (नवजात, पोषण, अतिसार, श्वसन, लसीकरण), आडव्या रकान्यात कौशल्य (माहिती घेणे, तपासणे, हाताने करणे, समजावून सांगणे, वाचून निर्णय घेणे). प्रत्येक स्टेशनला एक चौकोन द्या. हा तक्ता भरला नाही की दहापैकी सहा स्टेशनं 'चित्र ओळखा' निघतात, कारण ती तयार करायला सगळ्यात सोपी असतात.

आपली दहा स्टेशनं अशी. परीक्षक लागणारी पाच: आईला ओआरएस आणि झिंक समजावणे, बाहुलीवर दंडाचा घेर मोजणे, नवजात मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) बॅग-मास्कने श्वास देणे, ताप आणि झटका आलेल्या मुलाची माहिती घेणे, स्तनपानाची पकड तपासून आईला सांगणे. परीक्षक न लागणारी चार: वाढीचा तक्ता, लसीच्या कुप्या, श्वास मोजायचा व्हिडिओ, औषधाचा डोस. दहावं रेस्ट स्टेशन, तिथे खुर्ची आणि पाण्याची बाटली. रेस्ट स्टेशनचं बोर्ड मोठं लावा. नाहीतर विद्यार्थी तिथे प्रश्नपत्रिका शोधत बसतो.

वेळेचं गणित

सरावपरीक्षेत पाच मिनिटं काम, दोन मिनिटं फीडबॅक, एक मिनिट जागा बदलायला. म्हणजे एका स्टेशनला ८ मिनिटं, दहा स्टेशनला ८०. वीस विद्यार्थी दहा-दहाच्या दोन फेऱ्यांत. १:३० ला सूचना, १:४५ ते ३:०५ पहिली फेरी, वीस मिनिटं मध्यंतर, ३:२५ ते ४:४५ दुसरी. ओपीडी आटोपल्यावरचा हा वेळ मुद्दाम धरलाय. सकाळी ठेवली तर तिसऱ्या घंटेला परीक्षकाला कॅज्युअल्टीतून फोन येतो आणि स्टेशन उघडं पडतं.

बॅच २२ ची असेल तर ओढाताण करू नका, एक रेस्ट स्टेशन वाढवा: ११ गुणिले ८, म्हणजे फेरी ८८ मिनिटांची. माणसं लागतात ती अशी: पाच परीक्षक, एक राखीव परीक्षक, एक वेळ सांभाळणारा, दोन इंटर्न सामानासाठी, आणि भूमिका करणाऱ्या 'आया'. वेळ सांभाळणाऱ्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, चहाचंसुद्धा नाही. मोबाइलचा टायमर आणि स्पीकर चालतो, पण हाताची पितळी घंटा जवळ ठेवा. पावसाळ्यात वीज गेली की स्पीकर मुका होतो आणि दहा खोल्यांत दहा वेगवेगळ्या वेळा चालू होतात.

चेकलिस्ट: एक स्टेशन जवळून

ओआरएसच्या स्टेशनची पहिली चेकलिस्ट बहुतेकदा अशी येते: 'संवाद कौशल्य: ५. ओआरएसबद्दल योग्य समुपदेशन: १०. एकूण छाप: ५.' यावर पाच परीक्षक पाच वेगळे आकडे देतील आणि पाचही जण आपल्या जागी बरोबर असतील. 'योग्य' हा शब्द दिसला की तिथे लाल रेघ मारा. परीक्षकाला डोळ्यांनी दिसेल किंवा कानांनी ऐकू येईल तेवढंच कलम ठेवायचं.

दाराबाहेर लावायची सूचना आधी लिहा: '११ महिन्यांची मुलगी, दोन दिवसांपासून पातळ संडास. तपासणीत पाण्याची कमतरता नाही. आईला घरी ओआरएस आणि झिंक कसं द्यायचं ते समजावून सांगा. माहिती घेऊ नका, तपासणी करू नका. वेळ ५ मिनिटं.' शेवटची तीन वाक्यं गाळली की अर्धे विद्यार्थी 'संडासला रक्त पडतं का' इथून सुरुवात करतात आणि चार मिनिटं त्यातच जातात.

आता वीस गुणांची चेकलिस्ट:

- हात साबणाने धुवायला सांगितले: १
- पूर्ण पाकीट एकाच वेळी, एक लिटर पिण्याच्या पाण्यात: २ (अर्धं पाकीट चालेल असं सांगितलं तर ०)
- लिटर कसा मोजायचा ते घरातल्या भांड्याने किंवा बाटलीने दाखवलं: २
- वरून साखर, मीठ, दूध घालायचं नाही: १
- प्रत्येक पातळ संडासनंतर ५० ते १०० मिली, हे वाटी-कपाच्या भाषेत: २
- चमच्याने हळूहळू. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून पुन्हा: २
- केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं: १
- अंगावरचं दूध आणि खाणं चालू: १
- झिंक रोज २० मिलीग्रॅम, १४ दिवस, संडास थांबली तरी: २
- लगेच दवाखान्यात आणायची किमान तीन लक्षणं: ३ (प्रत्येकी १)
- आईकडून परत सांगून घेतलं: ३

पाकीट एक लिटरचं आहे हे टेबलावर ठेवताना बघून घ्या. बाजारात २०० मिलीची छोटी पाकिटंही असतात आणि ती चुकून ठेवली गेली तर पाकिटावर नजर टाकून बरोबर बोलणारा विद्यार्थीच मार्क गमावतो.

अकरा कलमं झाली, इथे थांबा. अठरा कलमांची चेकलिस्ट हातात असली की परीक्षकाची मान वर होत नाही. शेवटच्या कलमाला तीन गुण का, असं कोणी ना कोणी विचारेलच. आईने 'हो हो, समजलं' म्हणणं आणि तिने स्वतःच्या तोंडून 'अख्खं पाकीट, एक बाटली पाणी' म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि शिकवताना नेमकं हेच राहून जातं.

चेकलिस्टच्या खाली एक वेगळी ओळ ठेवा, एकूण मत: नापास, सीमारेषेवर, पास, चांगला, उत्तम. ते गुणांत मिळवायचं नाही. चेकलिस्टचा एक मोठा दोष आहे, तो याने सावरतो. हुशार विद्यार्थी तीन नेमके प्रश्न विचारून निदानाजवळ पोहोचतो. पाठ करून आलेला वीस प्रश्न विचारतो आणि जास्त मार्क घेऊन जातो. झटक्याच्या माहितीचं स्टेशन यासाठी विशेष बदनाम आहे. तिथे चेकलिस्ट आखूड ठेवून एकूण मतावर जास्त भर द्यावा.

बाकीची स्टेशनं: कुठे फसतात

दंडाचा घेर. डाव्या हाताचा कोपर वाकवून खांद्याच्या आणि कोपराच्या हाडांमधला मध्य काढायचा, मग हात सरळ सोडून टेप गुंडाळायची, ०.१ सेंमीपर्यंत वाचायचं. ११.५ च्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. जिवंत बाळाला वीस वेळा टेप गुंडाळणं बरं नव्हे, म्हणून बाहुली. पण कापडी बाहुलीचा दंड दाबला जातो आणि प्रत्येकाचं वाचन वेगळं येतं. दंडात प्लंबिंगच्या प्लॅस्टिक पाइपचा तुकडा घाला, दोन शिक्षकांनी स्वतंत्र मोजून खरा आकडा ठरवा, ०.२ सेंमीपर्यंतचा फरक बरोबर धरा.

बॅग-मास्क. टेबलावर ० आणि १ नंबरचे दोन्ही मास्क ठेवा. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबर निवडणं हेच पहिलं कलम. डोकं किंचित मागे, मास्कमध्ये नाक, तोंड आणि हनुवटीचं टोक, डोळे नाहीत. मिनिटाला ४० ते ६० श्वास, म्हणजे ३० सेकंदांत २० ते ३०. 'सलग पाच श्वासांना छाती वर येते' असं कलम लिहा, 'परिणामकारक श्वास दिला' असं नको. आदल्या दिवशी मॅनिकिनची फुप्फुसाची पिशवी तपासा. ती फाटलेली असली तर कोणाचीच छाती हलत नाही, आणि हे सातव्या विद्यार्थ्याला कळतं.

स्तनपानाच्या स्टेशनला पकडीची चार चिन्हं: तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतो. कापडी स्तन आणि बाहुली पुरे. भूमिका करणाऱ्या मुलीला अंगावरचे कपडे बाजूला करायला लावू नका.

श्वास मोजायचा व्हिडिओ किमान सलग ६० सेकंदांचा, छाती आणि पोट दोन्ही दिसणारा, आणि पालकांची लेखी संमती घेऊन काढलेला हवा. दोन शिक्षकांनी वेगवेगळं मोजून आकडा ठरवा, ±२ मान्य. प्रश्न दोन: किती, आणि या वयाला जलद आहे का. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिने ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. लॅपटॉपचा स्क्रीनसेव्हर आणि अपडेट बंद करा.

लसीच्या कुप्यांवरचे व्हीव्हीएम (लसीला उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या रंगाच्या खुणा) काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ओळखू येत नाहीत. रंगीत प्रिंट किंवा टाकाऊ कुप्या वापरा. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तरच लस चालते. सोबत एक प्रश्न: गोवर-रुबेलाची कुपी सकाळी १० ला विरघळवली, आता अडीच वाजलेत, वापराल का? चार तास उलटून गेलेत, तर नाही.

वाढीच्या तक्त्याला १२ महिन्यांची मुलगी, वजन ६.६ किलो. −२ एसडीची (प्रमाण विचलनाची) रेघ ७.० ला आणि −३ ची ६.३ ला येते, म्हणजे कमी वजन, पण अति कमी नाही. मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा, दोन्ही तक्ते ठेवा. चुकीच्या तक्त्यावर सुंदर ठिपका काढणारे निघतातच.

डोसचं स्टेशन स्वस्त आणि फार बोलकं आहे. १० किलोचं मूल, पॅरासिटामॉल १५ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे १५० मिग्रॅ. टेबलावर तीन बाटल्या: १२५ मिग्रॅ/५ मिली, २५० मिग्रॅ/५ मिली आणि १०० मिग्रॅ/मिलीचे थेंब. उत्तरं ६ मिली, ३ मिली, १.५ मिली. लेबलं झाकली जाणार नाहीत अशी ठेवा. थेंबांच्या बाटलीत जो ६ मिली लिहितो त्याला घरी जाण्याआधी गाठून समजवायचं, मार्क काहीही असोत.

'आई' कोणी व्हायचं

वॉर्डातली खरी आई नको. तिचं मूल आजारी आहे आणि वीस जणांनी वीस वेळा तेच सांगितलं तर ती घाबरते. इंटर्न, नर्सिंगची विद्यार्थिनी किंवा समाजसेवा विभागातली कोणी घ्या, दोघी तयार करा आणि फेरीनुसार बदला. सलग वीस वेळा तीच भूमिका केली की शेवटी शेवटी 'आई' कंटाळलेली असते.

तिला पानभर संहिता द्या. कोणती गोष्ट आपणहून सांगायची, कोणती विचारल्यावरच, आणि कोणती काही झालं तरी नाही. उदाहरणार्थ, 'काल पाकीट अर्धं वापरलं, अर्धं आजसाठी ठेवलंय' हे विद्यार्थ्याने 'याआधी काही दिलं का?' असं विचारलं तरच. 'आई' अतिसार म्हणणार नाही, 'हगवण लागलीय' म्हणेल. विद्यार्थ्याने तोच शब्द उचलला की 'अतिसार आहे' असं दुरुस्त केलं, हे परीक्षकाला तिथल्या तिथे दिसतं. बागलाण-कळवणकडची आई अहिराणीत बोलेल, सुरगाण्याची कोकणा आदिवासींच्या कोकणी बोलीत. भूमिकेत एखाददुसरा शब्द येऊ द्यावा, पण सगळ्या विद्यार्थ्यांसाठी सारखाच. परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याची मराठी मोडकी असेल तर व्याकरणाचे मार्क कापायचे नाहीत, निरोप पोहोचला का तेवढं बघायचं. तीन वेळा तालीम घ्या, त्यातली एक परीक्षकासमोर.

परीक्षकांची कार्यशाळा: अडीच तास, आठवडाभर आधी

वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम केलेले शिक्षकही या कार्यशाळेतून सुटू नयेत. तिथे ओएससीई म्हणजे काय ते कळतं. या स्टेशनवर या कलमाला मार्क कधी द्यायचा हे इथेच ठरतं. महाविद्यालयाच्या मेडिकल एज्युकेशन युनिटमधला एकजण सूत्रधार म्हणून बोलवा. विभागप्रमुखांनी स्वतः सूत्रधार होऊ नये. का, ते पुढे येतं.

पहिली १५ मिनिटं हेतू आणि वेळापत्रक, बस. ओएससीईच्या इतिहासावर चाळीस स्लाइड दाखवण्याचा मोह आवरा.

पुढची ४० मिनिटं चेकलिस्ट फाडायची. जोड्या करा, प्रत्येक जोडीला दुसऱ्याच कोणाचं तरी स्टेशन द्या. तीन प्रश्न: हे कलम दिसतं किंवा ऐकू येतं का? पाच मिनिटांत होतं का? पोस्टिंगमध्ये शिकवलं होतं का? तिसऱ्या प्रश्नावर कार्यशाळा थोडी तापते. तापू द्या.

मग ४५ मिनिटं एकवाक्यता. एका इंटर्नला मुद्दाम मध्यम दर्जाचं काम करायला सांगून ओआरएस स्टेशनचा पूर्ण पाच मिनिटांचा व्हिडिओ आधीच काढून ठेवा. तो 'एका लिटरमध्ये घाला' म्हणतो, पण लिटर दाखवत नाही. लक्षणं दोनच सांगतो. शेवटी 'समजलं ना?' विचारतो. सगळ्यांनी न बोलता मार्क द्यायचे, चिठ्ठी सूत्रधाराकडे द्यायची, सूत्रधार नावं न घेता आकडे फळ्यावर लिहितो. समजा ८, १४, ११, १६, ९ आले. वीसपैकी आठचा फरक. लगेच कोणी म्हणतं, 'मी थोडा लिबरल आहे.' तो स्वभाव बाजूला ठेवून एकेक कलम घ्या. 'समजलं ना?' याला परत सांगून घेण्याचे तीन मार्क दोघांनी दिलेले असतात, तिघांनी नाही. मग कलम असं होतं: 'आईने स्वतःच्या शब्दांत किमान दोन गोष्टी सांगितल्या'. भांडण माणसांचं नव्हतं, वाक्याचं होतं. दुसऱ्या व्हिडिओला फरक तीनच्या आत आला की पुरे. नाही आला तर स्टेशन पुन्हा लिहा.

चिठ्ठीचा आग्रह का? आपल्याकडे सर आधी 'चौदा' म्हणाले की पुढचे चौघे तेरा ते पंधराच्या दरम्यान येतात. ही एकवाक्यता नसते, आदर असतो. म्हणून मार्क आधी चिठ्ठीवर आणि चर्चेत सगळ्यात ज्युनिअर सीनिअर रेसिडेंटने आधी बोलायचं, विभागप्रमुखांनी शेवटी.

३० मिनिटं प्रत्येकाने आपापल्या स्टेशनवर बसून एक फेरी करायची, एक इंटर्न विद्यार्थी होतो. इथे चार सवयी पकडता येतात. मार्क देताना कायमचा आखडता किंवा सैल हात. हुशार म्हणून ओळखीच्या मुलाला आधीच दिलेले गुण. मान डोलावून, भुवया उंचावून केलेली मदत. आणि सगळ्यात चिवट, शिकवण्याची ऊर्मी: विद्यार्थी चुकला की शिक्षकाला राहवत नाही. नियम असा: पाच मिनिटं परीक्षकाने फक्त ठरलेलं वाक्य बोलायचं, खुर्ची विद्यार्थ्याच्या तिरप्या बाजूला, आईच्या मागे नाही, आणि चेहरा कोरा. शिकवायला पुढची दोन मिनिटं आहेतच.

शेवटची २० मिनिटं त्या दोन मिनिटांचा सराव. आधी विद्यार्थी सांगतो काय जमलं, मग परीक्षक जमलेलं एक नेमकं सांगतो, मग सुधारायचं एकच, आणि शक्य असेल तर लगेच करून दाखवायला लावतो. 'आत्मविश्वास वाढव' हा फीडबॅक नाही. 'एक लिटरची बाटली हातात घेऊन दाखव' हा आहे. घड्याळ लावून सराव घ्या. दोन मिनिटं किती आखूड असतात ते पहिल्या खेपेला कोणालाच कळत नाही.

परीक्षेचा दिवस

परीक्षेआधी तासभर सगळ्या स्टेशनांवरून एक इंटर्न विद्यार्थी म्हणून फिरवा. बाण, नंबर, पेनं, कोऱ्या उत्तरपत्रिका (२० अधिक ५ जास्तीच्या), पॅड. माहिती घेण्याचं आणि ओआरएसचं स्टेशन शेजारी ठेवू नका, एकाचं बोलणं दुसऱ्यात जातं. पडद्यापेक्षा मधली एक खोली रिकामी सोडणं चांगलं.

दुसऱ्या फेरीची दहा मुलं १:४५ पासून सेमिनार रूममध्ये, फोन जमा. पहिली फेरी संपलेल्यांना दुसऱ्या दाराने बाहेर काढा. पाच मिनिटांच्या घंटेला बिनपरीक्षकाच्या स्टेशनवर उत्तरपत्रिका पेटीत टाकायची आणि मगच टेबलावरची बंद फाइल उघडून उत्तर बघायचं. बदलायच्या घंटेला फाइल बंद. फाइल बंद करायला विद्यार्थी विसरतात, म्हणून दोन इंटर्न त्याच चार टेबलांभोवती फिरत ठेवा.

एखादं स्टेशन मध्येच कोलमडलं, मॅनिकिन फाटलं किंवा परीक्षक उठून गेला, तर घंटा थांबवू नका. राखीव परीक्षक बसवा. तेही जमलं नाही तर ते स्टेशन सगळ्यांच्या एकूण गुणांतून वजा करा. मोजक्या मुलांना सरासरी गुण देण्याची आयडिया कोणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा.

पासची रेघ आणि नंतरचे आकडे

सरसकट ५० टक्के सोपं असतं, पण डोसचं स्टेशन आणि झटक्याचं स्टेशन सारखं अवघड नसतं. कार्यशाळेतच पाचही शिक्षकांना विचारा: जेमतेम पास होईल असा विद्यार्थी या स्टेशनला वीसपैकी किती घेईल? समजा ओआरएसला ११, १२, १०, १३, १२ आले, सरासरी ११.६, रेघ १२. 'सीमारेषेवर' शेरा मिळालेल्यांच्या सरासरीवरून रेघ काढायची पद्धत मोठ्या बॅचला उत्तम, पण वीस जणांत असे तीन-चारच निघतात आणि रेघ डळमळते.

आणखी एक. एका विभागाची दहा छोटी स्टेशनं शिकवण्यासाठी छान आहेत, एखाद्याला वर्ष परत करायला लावण्याइतकी विश्वासार्ह नाहीत. स्टेशनांची संख्या वाढवली की विश्वासार्हता वाढते, एकाच स्टेशनचा वेळ वाढवून तितकी वाढत नाही. त्यामुळे लाँग केस, शॉर्ट केसची (खऱ्या रुग्णाची सविस्तर किंवा थोडक्यात तपासणी करून द्यायच्या परीक्षेची) जागा ही परीक्षा घेत नाही.

दोन आठवड्यांच्या आत ४५ मिनिटांची बैठक. एक्सेलमध्ये प्रत्येक कलमापुढे वीसपैकी किती जणांना मिळालं ते टाका. जे सगळ्यांना मिळालं ते पुढच्या वेळी काढून टाकता येतं. जे कोणालाच मिळालं नाही त्याची कारणं दोन, वाक्य गोंधळात टाकणारं किंवा विषय शिकवलेलाच नव्हता. पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा विद्यार्थ्यांची सरासरी तुलना करून बघा: दुसरी फेरी सगळीकडे वर गेली असेल तर पेपर फुटला, एकाच स्टेशनवर खाली गेली असेल तर परीक्षक थकला. वीसच विद्यार्थी आहेत, तेव्हा या आकड्यांवरून निकाल काढू नका, फक्त प्रश्न विचारा.

'कार्यशाळा कशी वाटली' या फॉर्मवर सगळे 'उत्तम' लिहितात, त्यातून काही कळत नाही. पुढच्या पोस्टिंगमध्ये वॉर्डात शिकवताना कोणी 'आता तू मला परत सांग' असं विद्यार्थ्याला म्हणतंय का, ते सहकाऱ्याने दहा मिनिटं उभं राहून बघावं. बालरोगमध्ये परत सांगून घेणं वीसपैकी तिघांनाच जमलं असेल, तर पुढच्या बॅचला ओआरएसचं एक डोआप सत्र लावा: दाखवणे, निरीक्षण, मदत, स्वतः करणे, त्याच क्रमाने.

स्टेशनं फेकू नका. प्रत्येकाची एक फाइल: दाराची सूचना, चेकलिस्ट, आईची संहिता, सामानाची यादी, खोलीचा आराखडा, मिळालेले सरासरी गुण. फाइल कुलपात. तेच स्टेशन पुन्हा वापरायचं तर दोन बॅचनंतर आणि थोडं बदलून. मुलगी ११ ऐवजी ५ महिन्यांची केली की झिंक २० चं १० मिलीग्रॅम होतं, 'खाणं चालू ठेवा'ची जागा 'फक्त अंगावरचं दूध' घेतं, आणि आधीच्या बॅचची चेकलिस्ट पाठ करून आलेला विद्यार्थी दुसऱ्याच मिनिटाला बाळाला खिचडी सांगून बसतो.